फ्लॅट विकण्याआधी वहीचं ते पान पुन्हा बघा

प्रश्न : आम्ही दोघं (वय ४१ आणि ३८) गेली पाच वर्षं परदेशातल्या एका मोठ्या शहरात मिशनरी म्हणून रस्त्यावरच्या मुलांमध्ये काम करतो. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७. पगार असा नाही. मंडळ्या (चर्च) आणि ओळखीचे विश्वासणारे दरमहा जे पाठवतात तीच मिळकत. मुलांचं दिवसाचं केंद्र भाड्याच्या जागेत चालतं. तिथे आंघोळ, एक जेवण, अक्षरओळख, मलमपट्टी असं सगळं होतं. मालक आता ती दुमजली इमारत विकतोय. मायदेशी आमचा एकुलता एक फ्लॅट आहे, भाड्याने दिलेला. यांचं म्हणणं, तो विकून इमारत घेऊ, खाली केंद्र ठेवू, वर आपण राहू, म्हणजे घरभाडंही वाचेल. माझं मन घेत नाही. पण मग वाटतं, माझाच विश्वास कमी पडतोय का? सोबत मागच्या महिन्याच्या हिशेबाच्या वहीचं पान पाठवत आहे.

उत्तर : ताई, विश्वास किती आहे हे मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. वजाबाकी मात्र येते. आणि बुरूज बांधायला निघण्याआधी बसून खर्च मोजणाऱ्या माणसाचा दाखला तुम्हा दोघांना मी सांगायची गरज नाही. तेव्हा हिशेब मांडणं म्हणजे शंका घेणं, असं निदान आपल्यापुरतं तरी समजू नका.

खरे आकडे इथे देत नाही. तुमच्या घराचा महिन्याचा खर्च १०० धरून बोलू. तुम्हाला १०० चा शब्द मिळाला होता, प्रत्यक्षात ९० येतात. पाचव्या वर्षी हे असंच होतं. कुणाची नोकरी जाते, कुणी निवर्ततं, एखाद्या मंडळीचे पाळक बदलतात आणि नव्यांना तुमचं नावही ठाऊक नसतं. त्या ९० मधून पाठवणारी संस्था कार्यालयीन खर्चापोटी दहा टक्के कापते, म्हणजे हातात ८१. फ्लॅटचं भाडं देखभाल आणि कर वजा जाता १२. एकूण ९३. उरलेले ७ दरमहा शिलकीतून जातात.

आता तुमच्या यजमानांचा हिशेब बघू, कारण तो मुळीच वेडेपणाचा नाही. फ्लॅट विकला की भाड्याचे १२ बंद, पण तुमचं घरभाडं २२ वाचतं. मिळकत ८१, खर्च ७८. सातची तूट जाऊन तीनची शिल्लक पडते. कागदावर बेरीज जमते. म्हणूनच तुम्हाला त्यांच्याशी वाद घालता आला नसणार.

पण इमारत घेतली म्हणजे छपरासकट घेतली. ती जुनी आहे, असं तुम्हीच लिहिलंय. छप्पर, मोरी, वायरिंग, मालमत्ता कर, विमा, रात्रीचा पहारेकरी यांसाठी वर्षाला किमतीच्या दीड टक्का मी धरतो, आणि रोज साठ मुलं जिथे अंघोळ करतात त्या इमारतीला तो कमीच पडेल. तुम्ही सांगितलेल्या किमतीवर हे महिन्याला ६ होतात. झाली पुन्हा तीनची तूट. तुम्ही म्हणाल, केंद्राचं भाडंही वाचेल की, त्यातून दुरुस्ती करू. ते भाडं एक मंडळी ‘भाड्यासाठी’ म्हणून पाठवते ना? जागा स्वतःची झाली हे त्यांना कळलं की ते पैसे दुसऱ्या कुणाच्या भाड्याला जातील. देणगीदार वाईट नसतात, त्यांना फक्त रिकामी जागा दिसावी लागते.

हे झालं वरवरचं. मला अडवलं ते वहीच्या पानाने.

तुमचं अक्षर सुरेख आहे आणि तारीखवार नोंद आहे, त्यामुळे काम सोपं झालं. ४ तारीख, ‘ताप, दवाखाना, रिक्षा’. ९ तारीख, ‘दोन चादरी’. ९ तारखेलाच पुढे, ‘पोलीस चौकीतून सोडवायला जाणं-येणं’. १७ ला ‘बूट’. २२ ला पुन्हा ‘ताप’. मी आधी समजलो, तुमच्या मुलाला वरचेवर ताप येतो. मग पत्राचा शेवट वाचला. मुलीचे शाळेचे बूट बाबांनी दारात आलेल्या एका मुलाला दिले. तिला नवे आणले, तर ते ती रात्री पलंगाखाली सर्वांत आत, भिंतीला टेकवून ठेवते.

मग पेन्सिल घेऊन पुन्हा बसलो. जी नोंद तुमच्या चौघांची नाही तिच्यावर खूण केली आणि बेरीज मारली. ९ आली.

तुमची तूट ७ आहे, ताई. घरखर्चाच्या पिशवीतून केंद्राच्या मुलांवर जाणारी रक्कम ९ आहे.

म्हणजे तुमच्या घराचा खर्च १०० नाहीच, ९१ आहे, आणि मिळकत ९३. तुमचं घर तुटीत नाही. तुटीत केंद्र आहे, आणि ती तूट कुणाला दिसत नाही, कारण ती तुम्ही रात्री घरच्या पाकिटातून भरता. संस्थेच्या अहवालात केंद्र दरवर्षी अगदी जेमतेम खर्चात चाललेलं दिसत असेल. देणगीदारांना कौतुक वाटत असेल. मुलीच्या बुटांची नोंद मात्र कुठल्याच अहवालात नाही.

आता विचार करा, वरच्या मजल्यावर राहायला गेलात तर त्या ९ चं काय होईल? आज मध्ये दोन बसथांबे आहेत. उद्या एक जिना असेल. रात्री साडेअकराला दार वाजलं तर ‘सकाळी केंद्रात ये’ म्हणता येणार नाही, कारण केंद्र तिथेच असेल. घरभाड्याचे २२ वाचतील हे खरं, पण मी ९ चे १५ व्हायला सहा महिने धरतो. हा माझा अंदाज. तुमच्या यजमानांचा स्वभाव तुम्ही जास्त ओळखता.

आता मालकीचं. इमारत कुणाच्या नावावर होणार, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही, आणि माझ्या मते प्रश्न तिथून सुरू व्हायला हवा होता. परदेशी माणसाला जमीन घेता येतेच असं नाही. फिलिपिन्सच्या १९८७ च्या राज्यघटनेत परदेशी व्यक्तीला जमिनीची मालकी नाही. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेत परदेशी व्यक्तीला जमीन फक्त भाडेपट्ट्याने मिळते, तीही जास्तीत जास्त ९९ वर्षांसाठी. तुमच्या देशात काय आहे ते तिथल्या वकिलाकडून लेखी घ्या. तुमच्या नावावर होत नसेल तर ती स्थानिक विश्वस्त संस्थेच्या नावावर जाईल. मग ती तुमची गुंतवणूक राहत नाही, तुमचं दान होतं. दान करायला माझी हरकत नाही, पण त्याला दानच म्हणा. ‘पैसे इमारतीत सुरक्षित आहेत’ हे वाक्य मग घरात कुणी उच्चारायचं नाही. व्हिसा नूतनीकरण नाकारलं गेलं तर तुम्ही चौघं विमानतळावर सुटकेस घेऊन उभे असाल आणि इमारत तिथेच असेल.

यात नवं काही नाही. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी १७९३ मध्ये बायकामुलांना घेऊन बंगालमध्ये उतरला. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर गेला, आणि त्याची आई डोरोथी त्यातून मनाने कधीच सावरली नाही. घर चालवायला कॅरीने मदनाबाटीच्या निळीच्या कारखान्यात दरमहा २०० रुपयांवर व्यवस्थापकाची नोकरी केली. १८०० मध्ये कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला मिशनरी कुटुंबांनी एकच सामाईक खजिना केला. सगळ्यांची कमाई त्यात, आणि प्रत्येक घराला हातखर्चापुरतं. पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि आपली मराठीही शिकवून (१८०५ चं मराठी व्याकरण त्याचंच) कॅरीने जे मिळवलं, त्यातलं बहुतेक त्या खजिन्यातच गेलं. आणि मग सेरामपूरची मालमत्ता कुणाच्या ताब्यात, यावरून मायदेशातल्या संस्थेशी इतकं बिनसलं की १८२७ मध्ये ते वेगळे झाले. एकमेकांसाठी प्रार्थना करणारी माणसं होती ही. मृत्युपत्रात कॅरीने मिशनच्या जागेवर आपला कसलाही हक्क नसल्याचं स्पष्ट लिहिलं आणि मुलगा जेबेझसाठी काही रक्कम आपला ग्रंथसंग्रह विकून द्यायला सांगितली. तुमच्या घरात विकायला तेवढी पुस्तकं आहेत का?

आणखी एक, कामाच्याच बाजूने. केंद्र आज तिथे आहे कारण मुलं तिथे आहेत, बसस्थानकाजवळ. स्थानक हललं, रस्ता रुंद झाला, पोलिसांनी हाकललं की मुलं पांगतात. भाड्याचं केंद्र त्यांच्यामागे जाऊ शकतं. विकत घेतलेली इमारत जात नाही. शिवाय इमारत हाताशी असली की मुलांना त्यात ठेवून घ्यायचा मोह होतो, आणि जगभरचा कल त्याच्या उलट आहे. पर्यायी संगोपनाबाबतची संयुक्त राष्ट्रांची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वं मुलाला शक्यतो कुटुंबात परत नेण्यावर भर देतात. रस्त्यावरच्या मुलांविषयी संयुक्त राष्ट्रांच्याच बालहक्क समितीने २०१७ मध्ये काढलेलं २१ वं सर्वसाधारण भाष्यही मुलाला उचलून संस्थेत टाकण्याच्या विरोधातच आहे. मोठे देणगीदार हे वाचून असतात. पाच वर्षांनी ‘इमारत कशाला?’ असं त्यांनीच विचारलं, तर तुमचा फ्लॅट परत आणता येणार नाही.

माझं उत्तर म्हणून स्पष्ट आहे, फ्लॅट विकू नका. एकदा एका जोडप्याला असाच व्यवहार मी करू दिला होता. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मी नको ते बोललो नाही. सतरा वर्षांनी ते परतले तेव्हा साठीच्या घरात होते, आणि घरं त्यांच्या आवाक्याच्या पार बाहेर गेली होती. मेहुण्याच्या घरी मागच्या खोलीत राहतात. तक्रार करत नाहीत, पण मला फोन करायचे ते बंद झाले.

आता करायचं काय? सर्वांत आधी त्या ९ ला नाव द्या. केंद्राच्या खात्यात ‘तातडीची मदत’ असा वेगळा रकाना उघडा, त्याची डबी केंद्रातल्या स्थानिक सहकाऱ्याकडे ठेवा, दर वेळी चिठ्ठीवर दोन सह्या. डबी संपली की महिना संपला. हे तुमच्या यजमानांना जड जाईल. त्यांच्यासाठी म्हणून घरखर्चातून एक हातखर्चाची रक्कम द्या, २ म्हणा, ज्याचा हिशेब तुम्ही विचारायचा नाही. देणगीदारांना पाठवता त्या पुढच्या प्रार्थनापत्रात हे सगळं लिहा, आकड्यांसकट. लपवलेल्या गरजेसाठी कुणी पैसे पाठवत नाही.

इमारतीच्या मालकाशी बोला. विकणारच असेल तर नव्या मालकाने तुमचा पाच-सात वर्षांचा नोंदणीकृत भाडेकरार चालू ठेवावा, ही अट खरेदीखतात येते का बघा. विकत घ्यायचीच असेल तर ती तिथल्या विश्वस्त संस्थेने घ्यावी, स्वतंत्र इमारत निधी उभारून. त्यात तुम्हीही द्या. तूट भरून निघाली की फ्लॅटच्या भाड्यातला काही भाग वर्षभर त्या निधीला द्या. फ्लॅट मात्र हलवायचा नाही.

शिलकीत तुमच्याकडे २५० आहेत. महिन्याला ७ ने पस्तीस महिने, असं तुम्ही धरलंय. पण पुढच्या वर्षी मायदेशी मुक्काम आहे, आणि मुलीला तोवर बारा पूर्ण होतील. विमान कंपन्या त्या वयापासून मोठ्यांचं भाडं लावतात. चौघांची तिकिटं आणि तिथले तीन महिने मिळून ८० तरी जातील. उरलेल्यातले ८० ‘परतीचा निधी’ म्हणून मायदेशाच्या चलनात वेगळे ठेवा, त्यांना केंद्रासाठी हात लावायचा नाही. आरोग्य विम्यात रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च येतो का, आणि जीवन विम्यात तुम्ही राहता तो देश वगळलेला नाही ना, हे दोन्ही कागद काढून वाचा.

मुलीच्या शाळेचा प्रश्न तुम्ही एका ओळीत उरकलाय. तो खरं तर इमारतीपेक्षा मोठा आहे. मिशनरींच्या मुलांसाठी कोडाईकनालची शाळा १९०१ मध्ये आणि केनियात रिफ्ट व्हॅली अकादमी १९०६ मध्ये निघाली, ती याच अडचणीतून. वसतिगृहात पाठवायचं, तिथल्या शाळेत ठेवायचं की घरी शिकवायचं, हे पुढच्या दोन वर्षांत ठरवावं लागेल. तिन्हींचा खर्च मांडून पाठवा, त्यावर वेगळं लिहितो. तिलाही विचारा, ती अकरा वर्षांची आहे.

आणि बुटांचं. नव्या रकान्यातून त्या मुलासारख्यांसाठी चार जोड एकदम घेऊन केंद्रात ठेवा, वेगवेगळ्या मापाचे. यजमानांना सांगा, दारात कुणी अनवाणी आलं तर तिथून द्या. मुलीला हे दाखवायला केंद्रात घेऊन जा.