दाबाखालचे घन पदार्थ: यात करिअर होतं का?

प्रश्न: मी बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रचंड दाबाखाली घन पदार्थांचं काय होतं, यावर एक व्याख्यान ऐकलं आणि तेव्हापासून याच विषयात संशोधन करावंसं वाटतंय. बाबांचं म्हणणं, विषय फार अरुंद आहे, पुढे नोकरी कुठे मिळणार? शिवाय प्रयोगांपेक्षा माझं गणित बरं आहे. काय करू?

उत्तर: बाबांची काळजी रास्त आहे, तिच्याकडे येतेच. पण आधी विषय जरा जवळून बघ. व्याख्यानात ऐकलेला विषय आणि रोज हाताळायचा विषय यांत बरंच अंतर असतं.

घन पदार्थ दाबला जात नाही, असं आपण शाळेत शिकतो. आता मिठाचा स्फटिक घे. त्याचा बल्क मॉड्युलस, म्हणजे दाबून घनफळ कमी करायला पदार्थ किती विरोध करतो त्याचं माप, साधारण 24 गिगापास्कल. एक गिगापास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळपास दहा हजार पट. सरळ प्रमाणात हिशेब केलास तर 24 गिगापास्कलला मिठाचं घनफळ शून्य व्हायला हवं! तसं होत नाही, कारण आयन जवळ येतात तसे त्यांच्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांना अधिकाधिक जोराने रेटतात आणि पदार्थ ताठर होत जातो. मिठावरचा दाब एक गिगापास्कलने वाढला की बल्क मॉड्युलस सुमारे पाच गिगापास्कलने वाढतो. हे धरून दाब आणि घनफळ यांची सांगड घालणारं मर्नाहानचं 1944 सालचं समीकरण वापर. 30 गिगापास्कलला घनफळ मूळच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास येईल. आणि साधारण तिथेच आयन आपली मांडणी बदलतात, प्रत्येकाभोवती सहाऐवजी आठ शेजारी येतात. म्हणजे तू एक वक्र काढत असतेस आणि मध्येच पदार्थ दुसऱ्याच वक्रावर उडी मारतो. मला विचारशील तर या विषयाची खरी गोडी इथे आहे.

सोडियमचं तर याहून नवल. हा मऊ, चकचकीत धातू. 2009 मध्ये दिसलं की सुमारे 200 गिगापास्कलला तो पारदर्शक होतो, धातूच राहत नाही. अणू इतके जवळ येतात की बाहेरचे इलेक्ट्रॉन त्यांच्यामधल्या फटींत अडकून बसतात. दाबलं की पदार्थ अधिक ‘धातू’ होतो, हा ढोबळ अंदाज इथे साफ चुकतो.

आता रोजचं काम. उच्च दाबाच्या संशोधनासाठी पर्सी ब्रिजमन यांना 1946 चं नोबेल मिळालं, तेव्हा साधनं म्हणजे मोठमोठे प्रेस होते. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये डायमंड अॅन्व्हिल सेल तयार झाला आणि प्रयोग तळहातावर मावू लागला. दोन हिरे, त्यांची सपाट केलेली टोकं समोरासमोर, मध्ये धातूचा पातळ पत्रा म्हणजे गॅस्केट, आणि त्यात केसाच्या जाडीएवढं भोक. त्या भोकात सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकाने नमुना ठेवायचा, शेजारी माणकाचा बारीक कण, आणि दाब सगळीकडून सारखा पडावा म्हणून निऑन किंवा हीलियमसारखा वायू भरायचा. लेझर टाकला की माणिक 694 नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाश देतं. दाब वाढवला की ती रेषा दर गिगापास्कलमागे सुमारे 0.36 नॅनोमीटर सरकते. त्यावरून दाब वाचायचा. पृथ्वीच्या केंद्राशी असलेला सुमारे 360 गिगापास्कलचा दाबही या साधनाने गाठता येतो. मात्र भोक एका बाजूला सरकलं, तर सगळी मांडणी पुन्हा करायची. कधी हिराच फुटतो. अशा कामात तुझा जीव रमतो की वैतागतो, हे तुलाच अनुभवून बघावं लागेल. मार्क त्याचं उत्तर देत नाहीत.

तुझं गणित बरं असेल तर या विषयातली अर्धी दारं तशीही उघडी आहेत. डेन्सिटी फंक्शनल थिअरी, म्हणजे पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचं क्वांटम गणित सोडवण्याची पद्धत, वापरून संगणकावर स्फटिक दाबून बघणारे गट जगभर आहेत, आणि अनेक नव्या रचनांचं भाकीत आधी तिथे होतं, प्रयोग मागून येतो. त्यासाठीचं क्वांटम एस्प्रेसो हे सॉफ्टवेअर मोफत आहे. तरी मी म्हणेन, एखादी सुट्टी एखाद्या प्रयोगशाळेत काढच. मोजलेला आकडा किती कष्टाने हाती लागतो, हे ज्याला ठाऊक असतं तो गणितही जबाबदारीने करतो.

आता बाबांचा प्रश्न. नाव अरुंद आहे, काम नाही. पृथ्वीच्या आणि इतर ग्रहांच्या पोटात काय आहे, हे सांगणाऱ्या भूभौतिकीला हीच मोजमापं लागतात. कृत्रिम हिरा आणि क्युबिक बोरॉन नायट्राइड यांची कापण्याची हत्यारं मुख्यतः उच्च दाबात जन्मतात. शॉक वेव्हने पदार्थ क्षणभर दाबायची शाखा वेगळी. लोखंड 13 गिगापास्कलला रचना बदलतं, हे 1956 मध्ये तिनेच दाखवलं. आघात सोसणारे पदार्थ आणि अंतराळयानांची कवचं यांचा अभ्यास तिच्याकडे येतो. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या ईएसआरएफसारख्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, बीमलाइन (किरणांचा झोत प्रयोगापर्यंत आणणारी मांडणी) सांभाळणारे शास्त्रज्ञ लागतात. आणि क्ष-किरण विवर्तन, स्पेक्ट्रोस्कोपी, संगणकीय मॉडेलिंग ही कौशल्यं मटेरियल्स उद्योगात कुठेही चालतात. निव्वळ संशोधकाच्या कायम जागा मात्र खरोखरच मोजक्या आहेत आणि वाट पीएच.डी.वरून, बहुधा त्यापुढच्या पोस्टडॉकवरून जाते. हे घरी स्पष्ट सांग, लपवू नकोस.

गाइड निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेव. सामान्य तापमानाजवळच्या अतिवाहकतेचे (वीज विनारोध वाहण्याचे), दाबाखालच्या नमुन्यांवरचे दोन गाजलेले दावे 2020 आणि 2023 मध्ये ‘नेचर’मध्ये छापले गेले आणि पुढे दोन्ही मागे घेतले गेले. नमुना इतका बारीक असतो की संकेत कुठला आणि गोंगाट कुठला, हे ओळखायला सचोटीच लागते. म्हणून ज्या गटात कच्चा डेटा सगळ्यांना दिसतो आणि फसलेले प्रयोगही वहीत लिहिले जातात, तोच गट निवड.

तोवर एक काम कर. मिठाचे किंवा तांब्याचे दाब-घनफळाचे प्रसिद्ध झालेले आकडे मिळव आणि त्यांना बर्च-मर्नाहान समीकरण (वरच्या मर्नाहान समीकरणासारखंच, दाब-घनफळाचं) पायथनमध्ये बसवून बघ. बल्क मॉड्युलस आणि दाबाबरोबर तो वाढण्याचा दर, दोन्ही मोकळे सोड. एक थोडा वर गेला की दुसरा खाली येतो आणि तरी वक्र जवळपास तितकाच छान बसतो, हे तुला दिसेल. मग ठरव, त्या दोन आकड्यांपैकी किती खात्रीने कोणता सांगशील, आणि त्रुटीच्या मर्यादांसह ते पान घेऊन तुझ्या सरांकडे किंवा मॅडमकडे जा.