मधल्या फळीतल्या मॅनेजरला धंद्याच्या आकड्यांत काही गमतीशीर दिसतं का?

दिसतं की! मी एका कार कंपनीत एरिया मॅनेजर आहे. वर झोनल साहेब, खाली डीलर, मध्ये मी. तुम्ही विचारलंच आहे, तर माझी आवडती गंमत सांगतो: गाड्यांच्या विक्रीचे दर महिन्याला दोन आकडे येतात, दोघांत कधीकधी जमीन-अस्मानाचं अंतर असतं आणि तरी दोन्ही खरे असतात.

पहिला सियामचा, म्हणजे वाहन कंपन्यांच्या संघटनेचा: कंपन्यांनी डीलरकडे पाठवलेल्या गाड्या. दुसरा फाडाचा, म्हणजे डीलरांच्या संघटनेचा. तो 'वाहन' पोर्टलवरच्या आरटीओ नोंदणीतून येतो (२०२४ मध्ये तेलंगण त्यात नव्हतं).

सप्टेंबर २०२४ घ्या. कंपन्यांनी ३.५७ लाखांच्या आसपास प्रवासी वाहनं पाठवली, आदल्या सप्टेंबरपेक्षा जेमतेम दीड टक्का कमी. नोंदणी झाली सुमारे २.७६ लाखांची, घट जवळपास १९ टक्के! मधल्या गाड्या बहुतेक यार्डातच उभ्या. डीलरांकडे ८०-८५ दिवस विक्रीला पुरेल इतका, ७९ हजार कोटींचा साठा पडून आहे असं फाडाने तेव्हा सांगितलं होतं. त्यांच्या मते २१ दिवसांचा पुरे.

एवढा साठा होतो कसा? महिनाअखेरीला झोनल साहेबांचा फोन येतो, "तुझ्याकडून चाळीस गाड्या कमी पडतायत." मी डीलरला फोन करतो. तो म्हणतो, "साहेब, यार्डात पाय ठेवायला जागा नाही." तरी बिलिंग घेतो, म्हणजे गाड्या कंपनीकडून आपल्या नावावर विकत घेतो. कारण ज्या मॉडेलला वेटिंग आहे त्याच्या किती गाड्या कोणाला द्यायच्या हे माझ्याकडे असतं, आणि त्याची तिमाहीची स्कीमही (कंपनीकडून मिळणारा इन्सेंटिव्ह) बिलिंगवरच. गाडी बिल झाली की माझं टार्गेट पूर्ण आणि बँकेचं व्याज त्याच्या डोक्यावर. हे रिव्ह्यूत बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. विषय कोणी काढत नाही.

बरं, ती १९ टक्के घट तरी मंदीची होती का? मंदी थोडी होतीच, पण कॅलेंडर बघा. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, सगळे सण पुढे सरकले आणि सर्वपित्री १४ ऑक्टोबरला पडली. २०२४ मध्ये ती २ ऑक्टोबरला होती. म्हणजे पितृपक्ष एका वर्षी बहुतेक ऑक्टोबरात, दुसऱ्या वर्षी बहुतेक सप्टेंबरात, आणि त्या पंधरवड्यात आपल्याकडे गाडीची डिलिव्हरी कोण घेतो? बुकिंग करतात, पैसे भरतात, पण किल्ली हातात घ्यायची ती घटस्थापनेनंतर. शिवाय २०२४ च्या ऑक्टोबरात दसरा आणि धनत्रयोदशी दोन्ही आले. आदल्या वर्षी धनत्रयोदशी नोव्हेंबरात होती. त्या ऑक्टोबरात नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढून ४.८३ लाखांवर गेली. कंपन्यांची पाठवणी जेमतेम एक टक्क्याने वाढली होती, म्हणजे यार्डं रिकामी होत होती.

२०२५ तर तुलनेलाच धरू नये. २२ सप्टेंबरला घटस्थापना आणि त्याच दिवशी जीएसटी कपात लागू! यातलं कशामुळे किती, हे वेगळं काढून दाखवणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

म्हणून माझ्या एरियाचा तक्ता मी गणपती ते भाऊबीज असा सलग लावतो. झोनल साहेब मराठी आहेत, त्यांना तो लगेच कळतो. हेड ऑफिसच्या प्रेझेंटेशनमध्ये मात्र सप्टेंबर वेगळा, ऑक्टोबर वेगळा. सप्टेंबरचा खुलासा एरिया मॅनेजरकडून मागवतात. ऑक्टोबरचं श्रेय मार्केटिंगच्या मोहिमेला जातं.