नागपुरात मे महिन्यात दुसरं बाळ येणार आहे, मोठा तीन वर्षांचा आहे. घरात काय काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की पत्नीला सातवा महिना संपत आलाय, तारीख मेच्या मध्यावरची आहे, घर दोन खोल्यांचं आणि आई-वडील सोबत राहतात. खरेदीची यादी मागितलीय. ती फार छोटी निघेल. पाळणा, दुपटी, झबली पहिल्याची असतीलच. माळ्यावरून काढा, धुवा, कडक उन्हात वाळवा. खरी तयारी मोठ्याची करायची आहे. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा त्याचा दिवस आईच्या हाताशिवाय चालला पाहिजे, आणि तो आतापासूनच.

आमचा धाकटा झाला तेव्हा लेक साडेतीन वर्षांची होती आणि दिवस उन्हाळ्याचेच होते. होळी झाल्याबरोबर तिची आंघोळ, जेवण आणि झोपवणं मी माझ्याकडे घेतलं. आधी आधी रोज मोरीत आरडाओरड, "आईच पायजे!" बायको स्वयंपाकघरातून उठायला लागली की मी हातानेच बस म्हणायचो. मग लेकीनेच नियम घालून दिले: साबण आधी पायाला लावायचा, डोक्यावर पाणी घालताना बाबाने तिच्या कपाळावर आडवा हात धरायचा, पाणी डोळ्यांत जाता कामा नये. तसं केलं की रडणं बंद. बाळ घरी आलं तोवर आंघोळ ही बाबाची गोष्ट झाली होती. बाळामुळे आई आंघोळ घालत नाही, असं तिला वाटायला जागाच उरली नाही. म्हणून सांगतो, ही कामं मे उजाडायची वाट न पाहता आताच हातात घ्या. थोडी आजोबांकडे द्या. जेवण आणि गोष्ट आजोबांना छान जमते.

हाच नियम बाकी बदलांनाही लावा. अंगावरचं दूध सोडवायचं असेल, रात्रीची लंगोट बंद करायची असेल, आजीजवळ झोपायची सवय लावायची असेल, तर आता करा. नाहीतर बाळ तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत राहू द्या. ऐन बाळंतपणात काहीच नवीन नको. एवढं करूनही मोठा पुन्हा गादी ओली करेल, बोबडं बोलेल, बाटली मागेल. हे होतंच. त्यावर रागावू नका, हसू तर मुळीच नका.

त्याला सांगायचं कसं? "दोन महिन्यांनी" हे तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही. "घरी आमरस सुरू झाला की बाळ येईल" हे कळतं. बाळ आल्याबरोबर तुझ्याशी खेळेल, असं मात्र सांगू नका. बाळ रडेल, झोपेल, दूध पिईल आणि बरेच दिवस तेवढंच करेल, हे खरं खरं सांगा. त्याचे स्वतःचे जन्माच्या वेळचे फोटो दाखवा; आमच्याकडे त्याचा फार उपयोग झाला.

पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी, ही आपल्याकडची रीत. त्यात एखादी मावशी प्रेमाने म्हणते, मोठ्याला महिनाभर माझ्याकडे पाठवून द्या, तुम्हाला मदत होईल. पाठवू नका. बाळ आलं आणि मला घराबाहेर काढलं, एवढंच त्याच्या मनात राहील. मदतच करायची तर मावशीने इथे येऊन राहावं.

दुसऱ्या खेपेला कळा बहुधा पहिल्यापेक्षा भराभर वाढतात, त्यामुळे दवाखान्यात निघायला उशीर करू नका. रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर मोठ्याजवळ कोण, गाडी कोण चालवणार, हे ठरवून ठेवा. १०८ आणि १०२ हे रुग्णवाहिकेचे दोन्ही नंबर तुमच्या आईच्या फोनमध्येही टाका. पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, रक्तगटाचा कागद आणि पहिल्या बाळंतपणाची फाइल हवी. ते सिझेरियन असेल तर ती फाइल विसरूच नका. पत्नीचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आजच आठवण करा. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं. पहिल्या वेळी ते दिलं होतं का, हेही त्या फाइलमध्ये बघा.

आता ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि घरोघरी बाळंतिणीच्या खोलीवरून वाद होतात. कूलर लावा, त्याने बाळ आजारी पडत नाही. झोत थेट पाळण्यावर येऊ देऊ नका आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते. गवत एप्रिलमध्येच बदला. टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करून घासा, कारण डेंग्यूचा डास तेवढ्या दिवसांत अंड्यातून उडण्याइतका होतो. बाळाला एक सुती झबलं पुरे. दुपारी टोपरं, मोजे, वरून दुपटं असं काही नको.

आणि पाणी. "एवढ्या उन्हात पोराला दोन चमचे पाणी द्या ना" हे तुम्ही दिवसातून चारदा ऐकाल. देऊ नका. अंगावरच्या दुधात बाळाला लागणारं पाणी असतं, नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा, आणि सहा महिने दुसरं काहीच लागत नाही, मधाचं बोटही नाही. पाणी बाळाच्या आईला द्या. दूध पाजायला बसली की शेजारी भरलेला तांब्या हवाच. पहिल्या आठवड्यानंतर बाळाने दिवसभरात सहापेक्षा कमी वेळा शू केली, ते नीट पीत नसेल, किंवा ताप १०० अंशांच्या पुढे गेला, तर घरी वाट पाहत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि धुरी दोन्ही नकोत. आजीला वाईट वाटेल, पण त्या धुराने बाळ-बाळंतिणीचा जीव धोक्यात येतो. हे आईशी आता, शांतपणे बोलून घ्या. बाळ हातात असताना बोललात तर भांडण होईल.

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, म्हणजे मोठा ऐन त्या दिवसांत पूर्णवेळ घरी, आणि ऊन चढल्यापासून संध्याकाळी सहापर्यंत उन्हात बाहेर काढायची सोय नाही. सकाळी महाराजबाग, संध्याकाळी फुटाळा ठीक आहे, दुपारचं काय? आम्ही मेट्रो धरायचो. सीताबर्डीहून खापरी, तशीच परत. डबा गार असतो, तिकीट फारसं नाही. मुलगी खिडकीला नाक लावून विमानतळ यायची वाट बघायची, आणि घरी बायकोला तेवढी झोप मिळायची.

पाहुण्यांना दारातच प्रेमाने सांगा: आधी मोठ्याशी बोला, बाळ नंतर बघा. "आता तुझे लाड संपले बरं का" हे वाक्य आपल्याकडे गमतीने म्हणतात, पण मूल ते खरं मानतं. कोणी म्हणालं की तिथल्या तिथे थांबवा, काका असोत की साहेब. "बाळ झोपलंय, गप बस" हेही दिवसभर नको. प्रत्येक नकाराचं कारण बाळच असेल तर त्याला बाळाचा राग येणारच. दवाखान्यात पहिल्यांदा भेटवताना बाळ पाळण्यात असू द्या, आईचे हात मोठ्यासाठी मोकळे ठेवा.

कागदांचं थोडक्यात. जन्माची नोंद २१ दिवसांत मोफत होते. दवाखान्यातून निघतानाच फॉर्ममधली नावं अक्षर-अक्षर तपासा. बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस-बी या जन्माच्या लसी झाल्याचं कार्डवर लिहून घ्या. हिपॅटायटिस-बी २४ तासांच्या आत हवी. दुसरी मुलगी झाली तर मातृवंदना योजनेत ६,००० रुपये मिळतात, पात्रतेच्या अटी अंगणवाडीत विचारा. पत्नी नोकरीत असेल तर दुसऱ्या बाळालाही २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने आहे. तुम्ही केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर तुम्हालाही १५ दिवस मिळतात, आणि ते बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येतात. सासूबाई मदतीला येणार असतील तर ही रजा त्या परत जातील त्या दिवसापासून टाका. घरात माणसं भरलेली असताना तुमची तेवढी गरज पडत नाही; ती गेल्यावर दोन मुलं आणि जागरणाने थकलेली आई असतात.