भाव पाडून प्रतिस्पर्धी संपवला, हे लेखक लिहितात ते कितपत खरं असतं?

चरित्रांत आणि कादंबऱ्यांत भाव पाडून प्रतिस्पर्ध्याला धंद्यातून उठवतात, ते खरंच तसं घडतं का, असं तुम्ही विचारलंय. घडतं. पण लेखक त्यातला रंगवायला सोपा भाग तेवढा उचलतात: दोन मालक, दोघांचा हट्ट आणि रोज खाली येणारा दर.

जमशेटजी टाटांचंच घ्या. मुंबईहून चीन-जपानकडे जाणाऱ्या मालावर पी. अँड ओ. या ब्रिटिश जहाज कंपनीची पकड होती, भाडं टनाला १९ रुपये. १८९३ च्या सुमारास जमशेटजींनी निप्पॉन युसेन कायशा या जपानी जहाज कंपनीशी हातमिळवणी करून १२ रुपयांत माल न्यायला घेतला. पी. अँड ओ. थेट दीड रुपयावर उतरली. हा आकडा चरित्रांत हमखास येतो, यायलाच हवा. पण टाटा लाइन, म्हणजे जमशेटजींची ही जहाजसेवा, काही नुसत्या दीड रुपयानं बुडाली नाही. टाटांच्या किंवा जपान्यांच्या जहाजातून माल पाठवणार नाही असं लिहून देणाऱ्या व्यापाऱ्यांना पी. अँड ओ. खास सूट देत होती. टाटांचं ‘लिंडिस्फार्न’ जहाज कापूस न्यायच्या लायकीचं नाही, अशी अफवा उठवली गेली. आणि सोबत आहोत म्हणणारे मुंबईचेच व्यापारी एकेक करून पलीकडे गेले. लाइन बंद पडल्यावर भाडं पुन्हा चढलं.

तुतिकोरीनच्या चिदंबरम पिल्लईंच्या स्वदेशी आगबोट कंपनीचंही तेच. ब्रिटिश इंडिया या इंग्रजांच्या आगबोट कंपनीनं तिकीट उतरवत उतरवत फुकट प्रवास आणि वर छत्री देऊ केली, ही गोष्ट सगळे सांगतात. १९०८ मध्ये पिल्लईंना राजद्रोहासाठी तुरुंगात टाकलं, हे त्याच दमात सांगायला हवं. सरकार एका बाजूला उभं असेल तर ती नुसती दरांची लढाई उरत नाही.

म्हणूनच मला अमेरिकन पत्रकार आयडा टार्बेल मोठ्या वाटतात. रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीवरच्या त्यांच्या लेखमालेत (१९०२ ते १९०४) भाव पाडण्याचे किस्से आहेतच, पण रेल्वे कंपन्यांनी रॉकफेलरला गुपचूप दिलेली सूट त्यांनी कागदपत्रांनिशी मांडली. पुढे १९५८ मध्ये जॉन मॅक्गी या अर्थतज्ज्ञानं भाव पाडण्याच्या आरोपावरच शंका घेतली: तोटा सोसत बसण्यापेक्षा प्रतिस्पर्ध्याला विकत घेणं स्वस्त पडतं, असं त्याचं म्हणणं. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

तुम्ही स्वतः या विषयावर लिहिणार असाल, तर मालकाऐवजी त्या कापूसवाल्या व्यापाऱ्याला मध्यभागी ठेवून बघा. त्याला टाटांची जहाजं टिकायला हवी आहेत आणि दीड रुपयाचं भाडंही हवं आहे. सही करताना तो स्वतःची समजूत कशी घालतो, हे वाचायला मला फार आवडेल.