संध्याकाळी सातचा राग

प्रश्न : ऑफिसातून आले की मुलाच्या बारीकसारीक चुकीवरही माझा पारा चढतो. काल दूध सांडलं म्हणून ओरडले, तर तो ओट्याखाली जाऊन बसला. काय करू?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, जीव कळवळला म्हणूनच लिहिलंत. माझंही असंच व्हायचं. एकदा लाटणं आपटलं, त्याचा टवका उडाला; तेच लाटणं अजून वापरते. मग लक्षात आलं, दुपारच्या डब्यानंतर माझ्या पोटात काहीच नसायचं. आता घरात शिरण्याआधी जिन्यातच दाण्याचा लाडू खाते. तरी राग आलाच, तर हात नळाखाली धरून श्वास सावकाश, लांब सोडते. छातीतली धडधड खरंच उतरते. आणि आजच मुलाला जवळ घेऊन ‘माझं चुकलं’ म्हणा. कारणं देऊ नका.