ऑक्सिजन कमी पडला तर कॅन्सरची पेशी मरायला नको का?

प्रश्न: मुलगी बायोटेकमध्ये एमएससी करतेय, पुढे लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या कॅन्सरवर पीएचडी करायची म्हणते, विषय गाठीतल्या कमी ऑक्सिजनचा. स्वीडनमधल्या एका संशोधकाने सगळं आयुष्य यातच घातलंय म्हणे. ऑक्सिजन कमी म्हणजे पेशी मरणार, मग ते चांगलंच नाही का? आणि एवढ्याशा विषयाला कुणी इतकी वर्षं द्यावीत का?

उत्तर: तुमची शंका रास्त आहे आणि पेशी मरतातही. रक्तवाहिनीपासून 100 ते 200 मायक्रोमीटरच्या पुढे ऑक्सिजन फारसा पोचतच नाही, त्यामुळे भराभर वाढणाऱ्या गाठीत मेलेल्या पेशींचे पट्टे सर्रास दिसतात. पण खरा त्रास त्या पट्ट्याच्या कडेला, जिथे ऑक्सिजन अगदी थोडा आहे पण पेशी तग धरून आहेत, आणि तिथे काय होतं हे समजायला आधी हा आजार काय ते बघावं लागतं. गर्भात सिंपथेटिक नर्व्ह, म्हणजे हृदयाचे ठोके वगैरे आपोआप सांभाळणाऱ्या नसा, तयार होत असताना काही पेशी पूर्ण वाढतच नाहीत, कच्च्याच राहतात, त्यांची ही गाठ, बऱ्याचदा किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथीत. गाठीतल्या पेशी जितक्या कच्च्या तितका आजार साधारणपणे वाईट.

मुलगी बहुतेक स्वेन पोलमान यांच्याबद्दल बोलत असेल, लुंड युनिव्हर्सिटीचे. त्यांची सुरुवात ऑक्सिजनपासून झालीच नव्हती, आणि मला तर तीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. 1981 मध्ये त्यांनी एसएच-एसवाय5वाय नावाच्या पेशींवर काम केलं, चार वर्षांच्या एका मुलीच्या बोन मॅरोमधून आलेल्या पेशींपासून बनलेली सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशींचा वंश, आहे ती, आजही जगभर वापरतात. एक केमिकल घातलं की या पेशी वाढायचं सोडून लांब तंतू काढतात, खऱ्या नर्व्ह सेलसारख्या दिसायला लागतात. 1984 मध्ये त्यांनी रेटिनोइक ॲसिड, म्हणजे व्हिटॅमिन एचं रूप, घालून काय होतं ते आधीच्या केमिकलच्या परिणामाशी ताडून पाहिलं. त्या औषधाचं एक रूप आज हाय रिस्क मुलांना मुख्य ट्रीटमेंटनंतर देतात. म्हणजे कच्ची पेशी पिकते कशी हे बघण्यात या माणसाची कितीतरी वर्षं आधीच गेलेली.

म्हणून 2002 मध्ये त्यांच्या ग्रुपने याच प्रकारच्या पेशी कमी ऑक्सिजनमध्ये वाढवल्या तेव्हा त्यांना जे दिसलं ते दुसऱ्या कुणाच्या नजरेतून निसटलं असतं असं मला प्रामाणिकपणे वाटतं: पेशी उलट्या जात होत्या, नर्व्हची लक्षणं टाकून भ्रूणातल्या कच्च्या पेशींसारख्या होत होत्या. थोडक्यात, ऑक्सिजनची टंचाई काही पेशी मारते आणि उरलेल्यांना जास्त धोकादायक करते. मग 2006 मध्ये एचआयएफ-2 नावाच्या, ऑक्सिजन कमी झाला की पेशीत कामाला लागणाऱ्या प्रोटीनचं काम आलं, ते गाठीला जास्त आक्रमक करतं असं त्यात मांडलं होतं. याचा भाऊ एचआयएफ-1, तो ऑक्सिजन घटल्या घटल्या धावून येतो आणि नंतर ओसरतो, एचआयएफ-2 मात्र टिकून राहतं, आणि 5 टक्के ऑक्सिजनलाही, म्हणजे शरीरात एरवीही असतो साधारण तेवढ्याला, चालू राहू शकतं.

हे काम हाताने करणं फार चिकाटीचं आहे हो. डिश 1 टक्का ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये ठेवायची, आणि बाहेर काढली की एचआयएफ पाचेक मिनिटांत तुटायला लागतं, त्यामुळे सगळी तयारी आधी करून आतच पेशी फोडायच्या, नाहीतर आठवडाभराची मेहनत पाण्यात. पेशी ऑक्सिजन ओळखतात कशा या मूळ शोधाला 2019 चं नोबेल मिळालं, केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांना. एचआयएफ-2 अडवणारं बेलझुटिफॅन 2021 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण एका आनुवंशिक आजारातल्या किडनीच्या वगैरे गाठींसाठी, न्यूरोब्लास्टोमासाठी नाही. आणि प्रश्न संपलेला पण नाही, 2017 मध्ये स्वीडनमधल्याच दुसऱ्या ग्रुपने मांडलं की या गाठीत एचआयएफ-2 उलट गाठ रोखणाऱ्या बाजूचं असावं. एकाच प्रोटीनबद्दल दोन उलटे निष्कर्ष, म्हणजे मुलीला काम भरपूर आहे! करू द्या तिला. फक्त गाइड निवडताना विचारायला सांगा की चेंबर लॅबचा स्वतःचा आहे का आणि पेशंटच्या गाठींचे नमुने मिळतात का, कारण नुसत्या जुन्या सेल लाइनवर हा वाद सुटेल असं मला वाटत नाही.

प्रश्न: भाच्याला हाच आजार आहे. घरी ऑक्सिजन मशीन लावून फायदा होईल का?

उत्तर: नाही होणार. कमतरता गाठीच्या आत आहे, तिथल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, बाळाच्या रक्तात ऑक्सिजन व्यवस्थित असला तरी तो तिथवर जात नाही. श्वासाला त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा ऑक्सिजन लावायचाच, पण कॅन्सरवरचा उपाय म्हणून स्वतःहून नको, आणि कुणी तसं सांगून मशीन विकत असेल तर आधी त्याच्या ऑन्कोलॉजिस्टशी बोला.