प्रोटिओबॅक्टेरियाचं स्यूडोमोनाडोटा झालं, मग पाठ काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: शाळेत जिवाणू गोल, दंडगोल आणि सर्पिल असे शिकलो, पुढे ग्रॅम पॉझिटिव्ह-निगेटिव्ह आलं, आणि आता नव्या पुस्तकात स्यूडोमोनाडोटा, बॅसिलोटा असे संघ. खरं वर्गीकरण कुठलं?

वंशाचं नातं विचारत असाल तर शेवटचं. पण पहिली दोन टाकाऊ नाहीत. ती नात्याबद्दल बोलतच नाहीत, एवढंच.

आकाराचं लवकर संपवतो. फर्डिनांड कोनने १८७२ मध्ये आकारावरून गट पाडले, कारण सूक्ष्मदर्शकातून तेवढंच दिसत होतं. बॅसिलस आणि ई. कोलाय दोघेही दंडगोल, पण कुळं पार वेगळी. स्पायरोकीट मात्र मानाचा अपवाद: लेप्टोस्पायरा, सिफिलिसचा ट्रेपोनेमा हे मळसूत्रासारखे वळलेले, त्यांच्या कशाभिका (पोहायचे शेपटीसारखे धागे) बाहेर न लोंबता बाह्यपटलाच्या आत गुंडाळलेल्या, आणि वंशानेही सगळे एकाच घरचे.

ग्रॅम रंजन १८८४ चं. जाड पेशीभित्तिका असेल तर क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीनचा जांभळा रंग आत अडकतो, तो ग्रॅम पॉझिटिव्ह. भित्तिका पातळ असेल तर अल्कोहोलने तो धुऊन जातो आणि नंतरच्या सॅफ्रनिनचा गुलाबी रंग चढतो, तो निगेटिव्ह. (पहिल्या प्रॅक्टिकलला मी अल्कोहोल इतका वेळ ठेवलं की सगळी स्लाइड गुलाबी झाली आणि मी बिनदिक्कत 'निगेटिव्ह' लिहून मोकळा.) डॉक्टरांना ही चाचणी आजही लागते. निगेटिव्ह जिवाणूंना भित्तिकेबाहेर आणखी एक पटल असतं, आणि व्हॅन्कोमायसिनसारखा मोठा रेणू तिथेच अडतो. म्हणजे रंगावरून औषधाचा पहिला अंदाज बांधता येतो.

नात्याच्या बाबतीत मात्र रंग फसवतो. मायकोप्लाझ्माला भित्तिकाच नाही, म्हणून तो जांभळा होत नाही. पण त्याचे पूर्वज बॅसिलसच्या गोतावळ्यातले, भित्तिका नंतर गमावलेले. डायनोकॉकस जांभळा दिसतो आणि तरीही त्याला बाह्यपटल आहे. व्हेलोनेला बसतो बॅसिलोटात, रंगतो गुलाबी.

हा गुंता सोडवायला सगळ्या जिवांत असलेली आणि फार सावकाश बदलणारी एखादी गोष्ट हवी होती. ती पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोममध्ये सापडली. कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये रायबोसोममधल्याच १६एस नावाच्या आरएनएची तुलना केली आणि मिथेन तयार करणारे काही 'जिवाणू' मुळात जिवाणूच नाहीत, असं दाखवलं. तेच आर्किया. आजचे जिवाणूंचे संघही याच तुलनेतून उभे राहिले. अलीकडे त्यासाठी अख्खा जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए वापरतात.

आता त्या नावांकडे. २०२१ मध्ये ठरलं की संघाचं नाव एखाद्या प्रजातीवरून (जीनस) घ्यायचं आणि शेवटी 'ओटा' लावायचं. स्यूडोमोनासवरून स्यूडोमोनाडोटा (जुनं नाव प्रोटिओबॅक्टेरिया), बॅसिलसवरून बॅसिलोटा (जुनं नाव फर्मिक्युट्स), ॲक्टिनोमायसिसवरून ॲक्टिनोमायसेटोटा. मला स्वतःला प्रोटिओबॅक्टेरिया हेच नाव आवडायचं. रूपं बदलणाऱ्या ग्रीक देवाचं नाव त्या संघाला शोभत होतं. ई. कोलाय, कॉलराचा व्हिब्रिओ, शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठीतला रायझोबियम, सगळे तिथलेच. आपल्या पेशीतली मायटोकाँड्रियासुद्धा त्याच घराण्याच्या आसपासची. २०२२ मध्ये वर्णन झालेला, सुमारे १ सेंटिमीटर लांबीचा, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा थायोमार्गारिटा मॅग्निफिकाही याच संघातला. पोटातला हेलिकोबॅक्टर पूर्वी इथेच होता, आता त्याचं बिऱ्हाड कॅम्पिलोबॅक्टेरोटात हललंय.

ॲक्टिनोमायसेटोटात क्षयरोगाचा जिवाणू आणि स्ट्रेप्टोमायसिन देणारा स्ट्रेप्टोमायसिस शेजारी आहेत: रोग आणि त्यावरचं औषध एकाच संघात! आतड्यात भरपूर असलेले बॅक्टेरॉइड्स बॅक्टेरॉइडोटात जातात. आणि सायनोबॅक्टेरियांना नीलहरित शैवाल म्हणणं कृपा करून सोडा. ते शैवाल नाहीत. उलट शैवालातली आणि झाडातली हरितलवकं त्यांची वंशज आहेत.

हे चित्रही अपुरंच. कित्येक संघांतला एकही जिवाणू प्रयोगशाळेत वाढलेला नाही, फक्त त्यांचा डीएनए माती-पाण्यात सापडलाय. जातीला नियमानुसार नाव द्यायचं तर जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो, त्यामुळे असे गट 'कँडिडेटस' म्हणून उंबरठ्यावर थांबतात. जीनोमवरूनच नाव देता यावं म्हणून २०२२ मध्ये वेगळी नियमावलीही निघाली.

शिवाय सोयीपुढे नातंही कधी कधी वाकतं. जीनोम पाहिला तर शिगेला ही ई. कोलायचीच शाखा, पण वैद्यकीय गोंधळ नको म्हणून तिचं वेगळं नाव तसंच ठेवलंय.

तुम्ही स्यूडोमोनाडोटा, बॅसिलोटा, ॲक्टिनोमायसेटोटा आणि बॅक्टेरॉइडोटा हे चार संघ जुन्या नावांसकट, प्रत्येकी दोन-तीन सदस्य घेऊन पक्के करा. सायनोबॅक्टेरिया आणि स्पायरोकीट लक्षात राहतातच. प्रॅक्टिकलच्या वहीत मात्र आधी रंग आणि आकारच लिहायचा.